वाचकांचे प्रश्न : जड धातू आणि जनावरांची थायरॉइड ग्रंथी

शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांचा जनावरांच्या थायरॉइडवर काय परिणाम होतो, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. आर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण विषशास्त्रात त्याला याच पंगतीत बसवतात. इथेही तसेच केले आहे.

प्रश्न : आमचा सात वर्षांचा लॅब्रॅडोर सुस्त झाला आहे आणि वजनही वाढले आहे. रक्तात टी-४ (थायरॉइड ग्रंथीचे मुख्य संप्रेरक) कमी आले. केस पाठवून केलेल्या एका तपासणीत ‘जड धातू जास्त’ असा अहवाल आला आणि ‘डिटॉक्स’ सुचवला आहे. तो करावा का?

उत्तर : लगेच करू नका. केसांतला आकडा रक्तातून आलेल्या धातूचा असतो, तसाच बाहेरून चिकटलेल्या धुळीचा, शांपूचा आणि पाण्याचाही असतो. धुऊन हे दोन वेगळे काढणे अवघड आहे आणि कुत्र्यांसाठी भरवशाच्या संदर्भ-मर्यादाही नाहीत. मिथाइल पाऱ्यासाठी केस उपयोगी पडतात. शिसे किंवा कॅडमियमसाठी एकट्या केसांवर उपचार ठरवू नयेत.

टी-४ कमी येणे म्हणजे थायरॉइडचा आजार, असेही नाही. कोणत्याही मोठ्या आजारात शरीर टी-४ खाली आणते. फेनोबार्बिटाल, स्टेरॉइड आणि सल्फा औषधांनीही ते घसरते, आणि ग्रेहाउंडसारख्या जातींत ते मुळातच कमी असते. म्हणून टी-४ सोबत टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारे, मेंदूच्या तळाच्या पीयूषिका ग्रंथीतले संप्रेरक), आणि शक्य असल्यास डायलिसिस पद्धतीने मुक्त टी-४ (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेले) करून घ्या. टी-४ कमी आणि टीएसएच जास्त असेल तर निदान बरेच पक्के होते. मात्र थायरॉइड खरोखर मंदावलेल्या कुत्र्यांपैकीही काहींत टीएसएच सामान्य सापडतो, हे ध्यानात असू द्या. मध्यमवयीन कुत्र्यात ग्रंथी मंदावण्याचे नेहमीचे कारण धातू नसते. शरीराच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला किंवा ग्रंथी आपोआप सुकणे, हीच कारणे बहुतेक वेळा निघतात.

शिशाचा खरोखर संशय असेल, म्हणजे घरात जुना रंग खरवडला असेल किंवा कुत्र्याने मासेमारीचे वजन, छर्रा असे काही गिळले असेल, तर पूर्ण रक्तातले शिसे मोजा आणि पोटाचा एक्स-रे काढा. रक्ताची काचपट्टीही पाहायला सांगा. शिशाच्या विषबाधेत केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी रक्तात उतरलेल्या दिसतात आणि काही पेशींवर बारीक निळे ठिपके असतात. थायरॉइड मंदावल्यावर येणाऱ्या सौम्य पंडुरोगात हे दृश्य नसते, तिथे कोलेस्टेरॉल वाढलेले असते. वीस मिनिटांच्या या तपासणीने बराच गोंधळ मिटतो.

‘डिटॉक्स’ म्हणून देतात ती धातू बांधणारी औषधे निरुपद्रवी नाहीत. ईडीटीए शिशाबरोबर जस्तही ओढून नेते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. आधी असे औषध देऊन मग लघवी तपासायची, ही पद्धत तर फसवीच. औषधानंतर निरोगी प्राण्याच्या लघवीतही धातू वाढलेला दिसतो.

प्रश्न : मी पशुवैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. धातू थायरॉइडच्या नेमक्या कोणत्या पायरीवर घाव घालतात? पुस्तकांत फक्त ‘अंतःस्रावी बिघाड’ एवढेच लिहिलेले असते.

उत्तर : पायऱ्या ओळीने घेऊ, कारण प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना हीच ओळ कामी येते.

पहिली पायरी आयोडाइड रक्तातून ग्रंथीत ओढण्याची. हे काम पेशीच्या पटलावरचे सोडियम-आयोडाइड वाहक प्रथिन करते. शिशामुळे हे शोषण मंदावते, असे निष्कर्ष जुन्या आणि नव्या प्रयोगांत आले आहेत, पण सगळ्यांत नाहीत. दुसरी पायरी थायरॉइड पेरॉक्सिडेज या विकराची (एन्झाइमची). हा विकर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून आयोडीन थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतल्या प्रथिनावर बसवतो. पारा इथे अडथळा आणतो. कोबाल्टही आणतो : पूर्वी माणसांत पंडुरोगासाठी कोबाल्टचे क्षार देत, तेव्हा काही मुलांना गलगंड झाला होता. हेच पेरॉक्साइड ग्रंथीला धोक्यातही ठेवते. कामाचाच भाग म्हणून ती ऑक्सिडीकारक पदार्थ तयार करत असते आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज तिला त्यापासून वाचवतो. हा विकर सेलेनियमवर चालतो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. ग्रंथी मुख्यतः टी-४ सोडते. यकृत, मूत्रपिंड, मेंदू अशा ऊतींत त्यावरचा आयोडीनचा एक अणू काढला जातो आणि कार्यक्षम टी-३ तयार होते. हे करणाऱ्या डिआयोडिनेज विकरांच्या मर्मस्थानी सेलेनोसिस्टीन हे सेलेनियम असलेले अमिनो आम्ल असते. कॅडमियम आणि पारा गंधक व सेलेनियम गटांना घट्ट चिकटतात, त्यामुळे हे विकर ठप्प होतात. पाऱ्याची सेलेनियमशी जवळीक तर इतकी आहे की सेलेनियम शरीरात असूनही विकराच्या हाती लागत नाही. उंदीर-घुशींवरच्या कॅडमियमच्या प्रयोगांत यकृतातल्या डिआयोडिनेजची क्रिया आणि रक्तातले टी-३ एकत्र खाली येतात. म्हणून टी-४ ठीक आणि टी-३ कमी असा अहवाल आला तर ग्रंथीकडे नव्हे, यकृताकडे आणि सेलेनियमकडे पाहा.

चौथी पायरी मेंदूतून येणाऱ्या हुकमाची. टी-४ घसरल्यावर टीएसएच वाढायला हवा. कॅडमियमच्या काही प्रयोगांत तो अपेक्षेइतका वाढत नाही, म्हणजे पीयूषिका ग्रंथीही बिघडलेली असते. पाचवी पायरी पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकाची (रिसेप्टरची), म्हणजे संप्रेरक जिथे जाऊन बसते त्या प्रथिनाची. अत्यल्प आर्सेनिकमुळे संप्रेरकाचा जनुकांवरचा परिणाम बदलतो. झेनोपस बेडकांच्या बेडूकमाशांच्या शेपटीवर हे २००८ साली दाखवले गेले. इथे रक्तातले आकडे अगदी सामान्य असू शकतात. परीक्षेत हा मुद्दा बहुतेक सुटतो.

प्रयोगातल्या मात्रा आणि गोठ्यातली मात्रा यांत मोठे अंतर असते, हेही लक्षात ठेवा. उंदराला शरीराच्या किलोमागे काही मिलिग्रॅम कॅडमियम रोज दिले जाते. गाईला तितके कधीच मिळत नाही, पण जे मिळते ते वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठत राहते. त्यामुळे यंत्रणा तीच असली, तरी तीव्रता तशीच असेल असे धरून चालू नये.

प्रश्न : आमच्या शेळ्यांना झालेली करडे गळ्याखाली सूज घेऊन जन्मली. दोन मेलेली होती, एकाच्या अंगावर केस नव्हते. विहिरीच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे ऐकले आहे. हे त्यामुळेच का?

उत्तर : वर्णनावरून हा जन्मजात गलगंड वाटतो आणि त्याचे पहिले कारण आयोडीनची कमतरता असते. ती तपासायच्या आधी आर्सेनिकच्या मागे लागू नका.

सूज कुठली आहे ते आधी ठरवा. थायरॉइडची सूज स्वरयंत्राच्या लगेच खाली, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना असते. तिच्यात दोन स्वतंत्र, टणकसर गोळे हाताला लागतात आणि ती जन्मापासून असते. चांगले दूध पिऊन झपाट्याने वाढणाऱ्या करडांत काही आठवड्यांनी गळ्याखाली जी मऊ, पसरट सूज दिसते ती बहुधा थायमस ग्रंथीची असते. करडू टुणटुणीत असते आणि काही महिन्यांत सूज आपोआप जाते. अशा करडांना आयोडीन पाजून उगाच त्रास दिला जातो.

मेलेल्या करडाचे वजन करा. दोन्ही गोळे काढून, भोवतालची चरबी आणि स्नायू साफ करून, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. ग्रंथीचे ग्रॅम भागिले शरीराचे किलो हे गुणोत्तर काढा. नवजात कोकरांसाठी वापरतात ते ठोकताळे असे : ०.४ पेक्षा कमी असेल तर कमतरता संभवत नाही, ०.८ च्या वर गेले तर ती जवळपास नक्की, आणि मधले संशयास्पद. करडांनाही मार्गदर्शक म्हणून हेच वापरता येतात. अर्धी ग्रंथी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवा.

मग गाभणपणात शेळ्यांनी काय खाल्ले ते लिहून काढा. मोहरीवर्गीय पाला आणि पेंड, कोवळी ज्वारी, सुबाभूळ या तिन्हींत थायरॉइड दाबणारे घटक असतात, पण तिन्हींचा स्वभाव वेगळा. ज्वारीतल्या सायनाइडपासून शरीरात थायोसायनेट बनते, ते आयोडीनचे शोषण अडवते, आणि आयोडीन वाढवल्यावर हा अडथळा बराच हटतो. मोहरीवर्गातले गॉइट्रिन मात्र मागच्या उत्तरातल्या दुसऱ्या पायरीवर म्हणजे पेरॉक्सिडेजवर घाव घालते. तिथे नुसते आयोडीन वाढवून भागत नाही, तो चारा कमी करावाच लागतो. सुबाभळीतल्या मिमोसिनपासून पोटात तयार होणारा पदार्थही गलगंड करतो. तो पचवणारा सिनर्जिस्टेस जोन्सी हा जिवाणू ज्या कळपांच्या पोटात आहे त्यांना त्रास होत नाही, आणि अशा जनावराच्या पोटातला द्रव दुसऱ्याला पाजून हा जिवाणू देताही येतो.

शेळीला आहाराच्या कोरड्या वजनाच्या किलोमागे ०.५ ते ०.८ मिग्रॅ आयोडीन लागते. चाऱ्यात वरच्यासारखे पदार्थ असतील तर ते २ मिग्रॅपर्यंत न्यावे लागते. जनावरांसाठीच्या आयोडीनयुक्त मिठात किमान ०.००७ टक्के, म्हणजे किलोमागे ७० मिग्रॅ आयोडीन असावे. असे १० ग्रॅम मीठ खाल्ले की ०.७ मिग्रॅ मिळते. गडबड होते ती साठवणीत : पोटॅशियम आयोडाइड घातलेली चाटणवीट पावसात-उन्हात उघडी राहिली की आयोडीन उडून किंवा धुऊन जाते. विटेचा रंग तसाच राहतो आणि मालकाला वाटते आयोडीन चालू आहे. आयोडेट स्वरूपातले जास्त टिकते. जास्तीचाही मोह नको, कारण अति आयोडीननेही गलगंड होतो. गाभण घोड्यांना समुद्रशैवाल भरपूर चारल्यावर शिंगरे गलगंड घेऊन जन्मल्याच्या नोंदी आहेत.

एवढे झाल्यावर पाण्याकडे वळा. जनावरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेत प्रति लिटर आर्सेनिक ०.२, शिसे ०.१, कॅडमियम ०.०५ आणि पारा ०.०१ मिग्रॅ या मर्यादा दिल्या आहेत. माणसांसाठी आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिग्रॅ आहे. म्हणजे जनावरांना चालेल असे ठरलेले पाणी घरात प्यायला चालेलच असे नाही. आर्सेनिक जास्त निघाले तर पाणी बदलाच, कारण ते सेलेनियमच्या वापरात अडथळा आणते आणि आयोडीन कमी असलेल्या ग्रंथीची आणखी कोंडी होते. पण केस नसलेली करडे आणि मोठा गलगंड एकट्या आर्सेनिकने झाला, असे मानायला आधार नाही.

प्रश्न : शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढायचे काम चालते. गाई माजावर येत नाहीत, अंगावरची चमक गेली आहे. शिशामुळे थायरॉइड मंदावते का?

उत्तर : शिशाच्या बाबतीत थायरॉइडचे उत्तर सरळ एका दिशेला जात नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत बरेचदा टी-४ घसरते. पण शिसे-जस्ताच्या भट्ट्यांभोवती चरणाऱ्या गाईंच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात टी-३ आणि टी-४ उलट वाढलेली आढळली. संपर्क किती आणि किती काळ, यकृत किती बिघडले, सोबत कॅडमियम आहे का, यावर आकडा वर-खाली होतो. म्हणून थायरॉइडच्या अहवालावरून शिशाचे निदान करू नका. शिसे थेट मोजा.

गाईंच्या रक्तात सामान्यतः ०.१ पीपीएमपेक्षा (दशलक्ष भागांत ०.१ भाग) कमी शिसे असते. ०.३५ पीपीएमच्या वर गेले तर विषबाधा समजतात. मधल्या आकड्यांचा अर्थ एवढाच की शिसे कुठून तरी पोटात जाते आहे. दिसायला निरोगी असलेल्या गाईंतही हा आकडा चढलेला सापडतो, म्हणून फक्त आजारी गाय तपासून थांबू नका.

आता शिसे कुठून जाते ते पाहू. समजा गाय रोज १२ किलो कोरडा आहार घेते आणि आखूड गवत चरताना त्यात ५ टक्के माती जाते. म्हणजे ०.६ किलो माती. मातीत किलोमागे ५०० मिग्रॅ शिसे असेल तर मातीतून ३०० मिग्रॅ गेले. उरलेल्या ११.४ किलो गवतात किलोमागे ५ मिग्रॅ धरले तर गवतातून ५७ मिग्रॅ. एकूण ३५७ मिग्रॅ, म्हणजे आहारात किलोमागे सुमारे ३० मिग्रॅ. युरोपीय संघाची संपूर्ण पशुखाद्यासाठी मर्यादा ५ मिग्रॅ आहे. गाय झटके येऊन मरेल इतके हे नाही, पण रक्तातला आकडा चढवायला पुरेसे आहे. आणि त्यातला पाच-षष्ठांश वाटा मातीचा आहे. म्हणून अशा जमिनीवर आखूड गवतात चराई बंद करा, वैरण कापताना जमिनीपासून १० सेंटिमीटर वर विळा मारा, चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्या. चाऱ्याचा नमुना तपासायला पाठवताना तो धुऊ नका. गाय धुऊन खात नाही.

बॅटरीच्या पट्टीचा तुकडा पोटात गेला असेल तर प्रकरण वेगळे. तो जाळीपोटात बसून राहतो आणि महिनोन्‌महिने झिरपतो. स्रोत तोडूनही रक्तातला आकडा उतरत नसेल तर हाच संशय घ्या. वासरू आंधळ्यासारखे भिंतीला धडकते, दात खाते, डोके दाबून उभे राहते, असे काही दिसले तर ती तातडीची वेळ आहे. पशुवैद्यक थायमिन, कॅल्शियम ईडीटीए आणि पोटातले शिसे अविद्राव्य करायला मॅग्नेशियम सल्फेट देतात. रक्तातला आकडा ०.१ च्या खाली येईपर्यंत दूध वापरात आणू नये आणि जनावर कापायला देऊ नये. याला काही आठवडे लागतात, कधी वर्षाच्या आसपासही.

माजाबद्दल : शिसे सापडले तरी ऊर्जेची कमतरता, फॉस्फरस, गर्भाशयाचा दाह या नेहमीच्या कारणांची तपासणी सोडू नका.

प्रश्न : खनिज मिश्रणातल्या फॉस्फेटमधून कॅडमियम जाते असे वाचले. मिश्रण बंद करावे का?

उत्तर : नाही. फॉस्फेट खडकात कॅडमियम असते हे खरे. युरोपीय संघात खाद्यासाठीच्या फॉस्फेटला किलोमागे १० मिग्रॅ आणि वनस्पतिजन्य खाद्याला १ मिग्रॅ अशी मर्यादा आहे. किलोमागे ५ मिग्रॅ कॅडमियम असलेले मिश्रण रोज १०० ग्रॅम दिले तर ०.५ मिग्रॅ जाते. किलोमागे ०.२ मिग्रॅ कॅडमियम असलेल्या १० किलो वैरणीतून मात्र २ मिग्रॅ जाते. मिश्रण बंद केल्यास जस्त कमी पडते आणि जस्त-लोह कमी असलेल्या आतड्यातून कॅडमियम उलट जास्त शोषले जाते. विश्लेषणाचा दाखला मागा, एवढे पुरे.

वैरणीतले कॅडमियम मात्र शिशासारखे मातीतून नुसते चिकटत नाही, मुळांतून पानांत चढते. आम्लधर्मी जमिनीत जास्त चढते, खारट पाण्याच्या सिंचनानेही वाढते. चुना घालून जमिनीचा सामू (पीएच) ६.५ च्या आसपास आणला की शोषण घटते. मैला-गाळाचे खत टाकण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्या. जनावर जितके म्हातारे तितके मूत्रपिंडात कॅडमियम जास्त. घोड्यांत ते विशेष साठते, म्हणून म्हाताऱ्या घोड्याचे मूत्रपिंड मांसाहारी पाळीव प्राण्यांना घालू नये.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मांजरीला थायरॉइड वाढल्याचे निदान झाले. ती आयुष्यभर डबाबंद मासे खात आली आहे. पाऱ्याने झाले का?

उत्तर : मांजरांतला अतिथायरॉइड आजार १९७९ साली प्रथम सविस्तर नोंदला गेला आणि आज वयस्कर मांजरांतला तो सर्वांत सामान्य अंतःस्रावी आजार आहे. काही सर्वेक्षणांत डबाबंद आणि माशांच्या चवीच्या खाद्याशी त्याचा संबंध दिसला. त्यात संशयित म्हणून आयोडीनची कमी-जास्त मात्रा, डब्याच्या अस्तरातले बिस्फेनॉल-ए आणि ज्वलनरोधक ब्रोमीनयुक्त रसायने यांची नावे घेतली जातात. पाऱ्यावर बोट ठेवायला पुरावा नाही. प्रयोगांत पारा थायरॉइड दाबतो. १९५० च्या दशकात जपानमधल्या मिनामाताच्या मांजरींना मिथाइल पाऱ्याने जे झाले ते मेंदूचे होते : तोल जाणे, गोल फिरणे, झटके. तुमच्या मांजरीचे ‘खूप खाऊनही वजन उतरते’ हे चित्र त्यात बसत नाही.

आजारावर उपचार करा. उपचार सुरू झाल्यावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) आणि लघवीची घनता पुन्हा तपासा, कारण वाढलेल्या थायरॉइडमुळे झाकलेला मूत्रपिंडाचा आजार तेव्हाच उघडा पडतो. मासे द्यायचेच असतील तर लहान जातींचे, अधूनमधून. मोठ्या शिकारी माशांत पारा साखळीने साठत जातो.

प्रश्न : कळपातले नमुने घ्यायचे आहेत. कुठल्या नळीत काय घ्यावे? मागच्या वेळी प्रयोगशाळेने निम्मे नमुने परत पाठवले.

उत्तर : बहुतेक नमुने नळीपायी वाया जातात.

शिसे : पूर्ण रक्त, रक्त गोठू न देणाऱ्या हिपॅरिन किंवा ईडीटीए नळीत. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) चालत नाही. रक्तातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे तांबड्या पेशींत असते, ते तुम्ही गुठळीबरोबर फेकून देता. जनावराला ईडीटीएचे इंजेक्शन देण्यापूर्वीच नमुना घ्या.

कॅडमियम : रक्त फक्त अलीकडचा संपर्क सांगते. साठलेले पाहायचे तर लघवी, आणि मृत जनावरात मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, २० ते ३० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत गोठवून. धातूच्या तपासणीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कधीही टाकू नये. दुधात कॅडमियम फारच कमी उतरते, त्यामुळे दूध स्वच्छ निघाले म्हणून निश्चिंत होऊ नये.

पारा : मिथाइल पाऱ्यासाठी रक्त किंवा केस, अजैविक पाऱ्यासाठी मूत्रपिंड. आर्सेनिक रक्तातून लवकर जाते, म्हणून लघवी.

जस्त : साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरते. गडद निळ्या झाकणाची, सूक्ष्मधातूंसाठीची नळी घ्या आणि पावडर लावलेले हातमोजे टाळा. त्याच सुईने ऊर्ध्वपातित पाणी ओढून एक कोरी नळी भरून पाठवा. तीत जस्त निघाले तर दोष तुमच्या साहित्यात आहे.

टी-४, टी-३, टीएसएच : साध्या नळीत रक्त घ्या, अर्धा ते एक तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळ्या नळीत काढा. २ ते ८ अंशांवर काही दिवस टिकते, त्याहून जास्त काळासाठी उणे २० अंश. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या नमुन्यात मुक्त टी-४ खोटे वाढलेले येते. नमुना गाईचा असेल तर त्याच प्रजातीसाठी पडताळलेली चाचणी आहे का विचारा. माणसांचा किंवा कुत्र्यांचा टीएसएच संच गाईला लावून आलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

नुसत्या आजारी गाई घेऊ नका. संशयित गटातल्या पाच आणि संपर्क नसलेल्या पाच, वय आणि वेताचा टप्पा सारखा, रक्त एकाच दिवशी आणि एकाच वेळेला. नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दुधाच्या गाईत टी-४ नैसर्गिकरीत्या कमी असते, उन्हाच्या ताणातही घसरते, तर नवजात वासरात पहिले काही दिवस फार चढलेले असते. ताजी व्यायलेली गाय भाकड गाईशी ताडून पाहिली तर धातू नसतानाही फरक दिसेल.

एककांकडे नीट पाहा. १ पीपीएम म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणून ३५ आणि ०.३५ हे दोन्ही अहवाल एकच गोष्ट सांगतात. टी-४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर १२.८७ ने गुणले की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात.

प्रश्न : तळ्यातले बेडूकमासे मोठे होतात पण बेडूक होत नाहीत. पाण्यात धातू असतील का?

उत्तर : असू शकतात. बेडूकमाशाचे रूपांतर संपूर्णपणे थायरॉइड संप्रेरकावर चालते. ‘आर्थिक सहकार्य आणि विकास संघटने’ची २३१ क्रमांकाची, २१ दिवसांची प्रमाणित चाचणी याच तत्त्वावर बेतली आहे. पण थंड पाणी, दाटी आणि अपुरे खाद्य यांनीही ते रखडते. थोडे बेडूकमासे स्वच्छ, सुमारे २२ अंशांच्या पाण्यात वेगळे वाढवून पाहा. तिथे पाय फुटू लागले तर तळ्याचे पाणी आणि गाळ दोन्ही तपासा. धातू गाळात बसतात, नुसते पाणी बहुधा स्वच्छ निघते.

प्रश्न : धातूंपासून संरक्षण म्हणून सगळ्याच जनावरांना सेलेनियम आणि जस्त द्यावे का?

उत्तर : गरजेइतके जरूर द्यावे. प्रयोगांत सेलेनियम आणि जस्ताने कॅडमियमचा थायरॉइडवरचा परिणाम कमी होतो, पण कमतरता भरून निघाल्यावर आणखी घालत गेल्याने संरक्षण त्या प्रमाणात वाढत नाही. सेलेनियमची गरज कोरड्या आहाराच्या किलोमागे ०.३ मिग्रॅ. १२ किलो खाणाऱ्या गाईला ३.६ मिग्रॅ झाले. सहनसीमा आहाराच्या किलोमागे ५ मिग्रॅच्या आसपास धरतात. इंजेक्शनात अंतर आणखी कमी : नेहमीची मात्रा शरीराच्या किलोमागे ०.०५ ते ०.१ मिग्रॅ, आणि कोकरात ०.५ मिग्रॅ जीवघेणी ठरू शकते. खनिज मिश्रणात सेलेनियम आहे का हे न पाहता वर टोचणे, ही इथली ठरलेली चूक. मेंढ्यांना तर गाईंचे मिश्रण देऊच नका, त्यातल्या तांब्याने त्या मरतात.

जस्त किलोमागे ३० ते ५० मिग्रॅ पुरते. आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असतील तर आयोडीन आधी सुरू करा. नुसते सेलेनियम दिल्याने डिआयोडिनेज जागे होतात, शिल्लक टी-४ भराभर खर्च होते आणि ग्रंथीकडे नवे बनवायला आयोडीनच नसते. आयोडीन सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सेलेनियम जोडा आणि आठ आठवड्यांनी त्याच जनावरांचे टी-४ व पूर्ण रक्तातला ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज पुन्हा मोजा.